दगडाबाईची घागर

प्लायवूडची थप्पी संपली, आणि भागूबाईची बसायची जागा गेली.

थप्पी आली तेव्हा चांगली कमरेएवढी होती. शहरातल्या गारखेड्याच्या घराचा खालचा मजला दुकानासाठी मोकळा केला होता. विश्वजीतची मोटारसायकल, मोडक्या खुर्च्या, पिशोरहून आलेली बाजरीची पोती, सगळं हललं आणि टेम्पोतून माल उतरला. राखणीला कुणीतरी हवं होतं. साहेबराव म्हणाला, "अक्का हाय की." त्याची ही थोरली बहीण घरात नेहमी 'हाय की' अशीच होती. कोपऱ्यातल्या पाट्यावरवंट्यासारखी, लागली की आठवायची.

मग भागूबाई त्या थप्पीवर गोधडीची घडी टाकून बसायला लागली. मिस्त्री रोज त्यातले तुकडे ओढायचा, कापायचा, ठोकायचा. थप्पी रोज जराशी उतरायची आणि तिच्याबरोबर भागूबाईही उतरायची. आधी तिचे पाय लोंबत होते, मग ते फरशीला टेकले, मग गुडघे हनुवटीशी आले.

"अम्मा, जरा उठो. आज तुम्हारे तख्त का पाया लेके जारा हूँ," मिस्त्री हसत म्हणायचा.

"ने बाबा, ने. तख्त कुणाचं टिकलंय? निजामाचं नाय टिकलं."

मिस्त्रीला हे बोलणं आवडायचं. दिवसभरात तिच्याशी बोलणारा तो एकटाच होता. मशिनची करवत चालू झाली की तेही बंद व्हायचं, आणि भुशाचा पिवळा धुरळा तिच्या केसांवर, पदरावर बसत राहायचा.

दुकान भांड्यांचं होतं. गावाकडचा, पिशोरचा विहिरीजवळचा जमिनीचा तुकडा विकला तेव्हा विश्वजीतनं बापाला समजावलं होतं. "दादा, दुष्काळात लग्नं थांबतील, पण हंडे-पिंपं थांबतील का? लातूरला रेल्वेनं पाणी यायला लागलं. उद्या इथंही टँकर आला की प्रत्येकाला भरून ठेवायला भांडं लागणार. आणि हा भाग बघा, दर महिन्याला एक नवीन बिल्डिंग उभी राहतीय." वाळूजच्या कंपनीतली नोकरी सुटल्यापासून पोरगा हसायचा थांबला होता. ते बोलताना तो हसला. साहेबरावनं बाहेर जाऊन वर बघितलं. आभाळ घासलेल्या परातीसारखं कोरडं लखलखत होतं. आत येऊन तो म्हणाला, "कर."

दुकान सजवायचं काम विश्वजीतच्या कॉलेजातल्या मित्राकडं आलं. हिमांशू त्याचं नाव. घरात सगळे वकील आणि प्राध्यापक, बोलणं धुतल्या तांदळासारखं. पोरगा गुणी होता. त्यानं लॅपटॉपवर दुकानाचं चित्र आणून दाखवलं तेव्हा सगळं घर त्याच्याभोवती गोळा झालं. छताला पांढरी पीओपी, त्यात लपवलेले दिवे, काचेचं दार, स्टीलच्या जाळ्या, आणि समोरच्या भिंतीवर जुनी पितळी-तांब्याची भांडी.

"ही भिंत म्हणजे आपली कन्सेप्ट," हिमांशू म्हणाला. "गिऱ्हाईक आत आलं की त्याला आपलं गावाकडचं घर आठवलं पाहिजे."

"गावाकडचं घर आठवलं तर ते रडत परत जाईल," आशाबाई म्हणाली. विश्वजीतची आई ती. तिच्या जिभेला धार होती आणि ती धार ती रोज लावूनही ठेवायची. "भांडी टांगायची असली तर मला सांगा, घासणार कोण ते."

चित्रात माणसंही होती. उंच टाचांच्या दोन बाया खांद्याला पिशव्या लावून फिरत होत्या. भागूबाई वाकली.

"ह्या कोण?"

"कुणी नाहीत, आत्या. अंदाज यावा म्हणून माणसं टाकतात."

"आन् मी कुठं बसलीय ह्यात?"

सगळे हसले. हिमांशूसुद्धा हसला, पण मायेनं. "तुम्ही कशाला बसाल दुकानात? तुम्ही मालक. तुम्ही वर, घरात."

भागूबाईनंही हसून मान हलवली. खरं तर घरातली कामंही आता विश्वजीतच्या बायकोनं मशिनवर घेतली होती. 'वर, घरात' हे शब्द मात्र तिच्या मनात पायात रुतलेल्या कुसळासारखे राहिले. दिसत नव्हते, पण चालताना टोचत होते.

*

उद्घाटन आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला ठरलं. साडेतीन मुहूर्तांतला एक, वेगळा मुहूर्त काढायला नको. पण भागूबाईच्या लेखी आखाजी हा दुकानाचा दिवस नव्हता. तो तिच्या आईचा दिवस होता.

आखाजीला पितरांच्या नावानं घागर भरतात. साहेबराव बापाच्या नावानं मातीची घागर भरायचा. आईची घागर भागूबाई भरायची, आणि ती मातीची नसायची, तांब्याची असायची. बहात्तरच्या दुष्काळात दगडाबाईनं सरकारी कामावर खडी फोडली होती. हाताला घट्टे पडले, एक नख कायमचं गेलं, आणि त्यातून पोटाला चिमटा घेऊन तिनं लेकीच्या लग्नाला ही घागर घेतली. नाव कोरणाऱ्यानं विचारलं, "बापाचं नाव सांगा, बाई."

"खडी मी फोडली," दगडाबाई म्हणाली. "नाव माझं घाल."

तसं बाजारात कुणी घालत नव्हतं. कोरणारा जरा थांबला, पण बाईच्या हाताकडं बघून त्यानं ठिपक्याठिपक्यांनी कोरलं, 'भागूबाईस आई दगडाबाईकडून.' भागूबाईला अक्षर येत नव्हतं. ती त्या ठिपक्यांवरून बोट फिरवायची आणि तिला ते ऐकू यायचं.

सासरी तिची कूस उजवली नाही. थोड्याच वर्षांत नवऱ्यानं दुसरी केली आणि भागूबाई पिशोरला परत आली. काखेत बोचकं, डोक्यावर घागर. रुखवतातलं बाकी सगळं तिकडंच राहिलं. आईनं दारात घागर उतरवून घेतली, तिच्याकडं नुसतं बघितलं आणि म्हणाली, "हिच्यावर माझं नाव होतं म्हणून ही परत आली. तूबी." पुढं आई गेली. तेव्हापासून दर आखाजीला भागूबाई त्या घागरीत पाणी भरायची, आंब्याचं पान ठेवायची आणि कुणाला ऐकू न जाईल अशी ओवी म्हणायची:

माय गेली ज्या गावाला, तिथं आड ना विहीर
लेकीच्या गं घागरीला, जीव होतो गं अधीर

घागर भरायची ती पहाटे, आणि विस्तवावर आईच्या नावाचा घास पडेपर्यंत त्या पाण्यानं हलायचं नाही. भरल्या घागरीपाशी बसून राहायचं. तेवढा एक दिवस आपण कुणाची तरी वाट बघतोय असं तिला वाटायचं. एरवीचं बसणं नुसतं बसणं होतं.

*

आखाजीच्या आधी ती पिशोरला गेली होती, बंद घर झाडायला आणि आंब्याची पानं आणायला. परतीच्या गाडीला उशीर झाला, आल्यावर ती तशीच पडली. पहाटे उठून तिनं खाटेखाली हात घातला. हाताला नुसती फरशी लागली.

तिनं पुन्हा हात फिरवला. ट्रंक होती, चपला होत्या. घागर नव्हती.

खाली दुकानात दिवे लागले होते. झेंडूच्या माळा चढत होत्या. श्रेया, विश्वजीतची बायको, शिडी धरून उभी होती. तिनं आत्याला जिन्यावर बघितलं आणि तिचा चेहरा फुलला.

"थांबा, आत्या! डोळे मिटा! अहो मिटा ना!" हात धरून तिनं भागूबाईला भिंतीसमोर आणून उभं केलं. "हं. आता बघा."

भिंतीवर पिशोरच्या माळ्यावरची सगळी भांडी होती. घंगाळं, परात, तपेली, गडवे. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध, एका लाकडी कोनाड्यात जराशी आडवी कललेली तिची घागर होती. आतून उजेड येत होता. घागरीच्या पोटात दिवा लावला होता आणि तोंडातून तांबूस प्रकाश सांडत होता. गळ्याजवळच्या अक्षरांवर वरून वेगळा बारीक झोत होता.

"तुम्ही गावाला गेलात तेव्हाच लावली," श्रेया म्हणाली. "मी म्हटलं, मधली जागा आजींची. नाव वाचतील सगळे."

बहात्तरच्या उन्हात काळी पडलेली तिची माय, जिला जन्मात कुणी मधल्या जागी बसवलं नव्हतं, ती उजेडात बसली होती. भागूबाईनं पदर डोळ्याला लावला.

"लई चांगलं केलंस, पोरी," ती म्हणाली. "आता काढून दे. भरायचीय."

शिडीवरचा हिमांशू खाली उतरला. विश्वजीत माळ हातात धरून थांबला.

"आत्या, संध्याकाळी देतो ना काढून," विश्वजीत म्हणाला. "आता पाहुणे येतील. मधली जागाच रिकामी दिसंल."

"संध्याकाळी काय करू? पितरं तुझ्या दुकानाच्या टायमावर येतेत व्हय?"

"आत्या," हिमांशू हळू म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नव्हतं. "त्यात आता पाणी राहणार नाही. वायर आत घ्यायला बुडाला भोक पाडलंय. लहानसंच आहे."

भागूबाईनं त्याच्याकडं बघितलं. मग श्रेयाकडं. श्रेयाचं फुललेलं तोंड हळूहळू मिटत गेलं.

"मला वाटलं शोभेची आहे," श्रेया म्हणाली. "तुम्ही कधी वापरत नव्हतात..."

"वर्सातनं एकदा," भागूबाई म्हणाली. "एकदाच वापरते."

साहेबराव पांढरा शर्ट-धोतर घालून, फेटा काखेत धरून खाली आला. काय झालं ते त्याला विश्वजीतनं सांगितलं. तो बहिणीकडं न बघता म्हणाला, "अक्का, आज नको. वर्साचा सण हाय, पोराचा मुहूर्त हाय. दुसरं काय तरी भरू."

"एम-सील लावतो," विश्वजीत म्हणाला. "घट्ट बसतं."

"वाळायला वेळ लागेल," हिमांशू पुटपुटला.

"मग नवीन घे, आत्या! दुकान भरलंय. ही बघ तांब्याचीच. नाव घालायचं मशीन आहे, आत्ता पाच मिनिटांत घालतो आजीचं नाव." त्यानं खरंच प्लग लावला. मशीन भुंग्यासारखं गुणगुणायला लागलं.

"बंद कर ते," भागूबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण मशीन बंद झालं. "ते नाव तिनं उभं राहून घालून घेतलंय. आता ती कुठून यायची सांगायला? मी भांडत नाय, विशू. दुकान तुझं हाय, भिंत तुझी हाय. काढून दे एवढंच."

विश्वजीत मशीनची वायर गुंडाळायला लागला. बाहेर मंडपवाला खुर्च्या मांडत होता, त्यांचा खडखडाट तेवढा येत होता. भागूबाईला वाटलं, आपण त्या चित्रातल्या बायांसारख्या आहोत, अंदाजापुरत्या.

"काढ रे ते."

आशाबाई जिन्यावर उभी होती. हातात पुरणाचं पातेलं, कपाळावर घाम. एका चुलीपाशी दोघींची सगळी उमर गेली होती आणि त्यातला निम्मा काळ टोमण्यांत.

"आई, भिंत रिकामी दिसंल," विश्वजीत म्हणाला.

"दिसू दे. घरातलं माणूस रिकामं बसलेलं इतके दिस कुणाला दिसलं नाय, आन् भिंत बरी दिसती!" ती साहेबरावकडं वळली. "आन् तुम्ही काय फेटा धरून उभे? माय कुणाची हाय? माझी?"

हिमांशूनं गुपचूप शिडी लावली. वायर सुटली, दिवा विझला. घागर खाली आली तेव्हा ती आतून अजून गरम होती.

*

नळाला पाणी येऊन बरेच दिवस झाले होते. टँकरच्या पाण्यातली एक बादली भागूबाईनं गावाला जाण्याआधीच झाकून ठेवली होती. ती बादली खाली आणली. भिंतीच्या पायथ्याशी बसून तिनं घागर मांडीजवळ धरली आणि पाणी ओतलं.

बुडातून बारीक धार लागली. नव्या पांढऱ्या फरशीवरून ती साहेबरावच्या पायांकडं निघाली.

साहेबराव मागं सरकला. त्याचं तोंड उतरलं. आईला पोचवताना त्यानं खांद्यावर मडकं घेतलं होतं. मागून कुणीतरी दगडानं भोक पाडलं होतं आणि अशीच धार त्याच्या पाठीवरून वाहत राहिली होती. त्याला मागं वळून बघायचं नव्हतं, तसं सांगितलं होतं.

"अक्का," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "फुटक्या घागरीचं पाणी मसणातलं असतंय. आज, शुभ दिवशी..."

भागूबाईनं घागरीखाली हात घातला आणि भोकावर बोट दाबलं. धार थांबली.

"आता फुटकी नाय," ती म्हणाली.

आणि ती तशीच बसली.

तिला तिथून हलवायला वेळच उरला नाही. वाजंत्री आली, नगरसेवक आले, फीत कापली, टाळ्या झाल्या. पूजेचा धूर पीओपीला जाऊन भिडला. विश्वजीत सगळ्यांना हात जोडत होता. फोटोवाला म्हणाला, "आजी, जरा तिकडं सरकता का?" ती सरकली, बूड फरशीवरून घासत, बोट न काढता. कुणीतरी विचारलं, "ह्या कोण?" श्रेया म्हणाली, "आमच्या आत्या." आणखी काहीतरी सांगायला तिनं तोंड उघडलं, पण कुणीतरी तिला हाक मारली.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते पिंप घ्यायला. मग एक बाई दोन कळशा घेऊन गेली. विश्वजीतचं म्हणणं खरं होतं, माणसं पाणी ठेवायला भांडीच शोधत होती. नव्या स्टीलच्या प्रत्येक भांड्यात भागूबाई दिसत होती. गोल, वाकडी, लहान. इतक्या भांड्यांत इतक्या भागूबाया, आणि एकीच्याही शेजारी कुणी बसलेलं नव्हतं.

बोट आधी दुखलं, मग बधिर झालं. थेंब थेंब पाणी तरीही तळहातावरून मनगटाकडं उतरत होतं. वर जाऊन विस्तवावर घास टाकायचा होता, आणि बोट काढलं की पाणी जाणार होतं. दोन्ही जागी एकाच वेळी कसं असायचं, हे तिनं पहाटे ध्यानात धरलंच नव्हतं. इतकी वर्षं घागर आपली आपण उभी राहायची. ती ओठांतल्या ओठांत म्हणाली:

घागर धरीते माये, माझं सुकलं गं बोट
उठू कशी, येऊ कशी, तुझे कोरडे गं ओठ

साहेबराव पाहुण्यांत होता. दोनदा त्यानं इकडं बघितलं आणि दोनदा फेटा सारखा केला. तिसऱ्यांदा तो दोन पावलं आला, पण कुणीतरी त्याच्या हातात पेढ्यांचा बॉक्स ठेवला आणि तो परत फिरला.

भागूबाईला राग आला नाही. आपला भाऊ असाच आहे, दोन पावलांचा.

मग समोर हिरव्या नऊवारीचा घोळ येऊन थांबला. आशाबाई कण्हत, गुडघ्यावर हात देत खाली बसली. जरीचं लुगडं थेट ओल्या फरशीवर.

"सरका, वन्सं."

"काय?"

"बोट काढा म्हणते. एवढ्या मोठ्या दुकानात बसायला हीच जागा घावली व्हय तुम्हाला?" तिनं घागरीखाली हात घातला. दोघींची बोटं अंधारात एकमेकींना लागली. भागूबाईचं बोट निघालं तसं थोडं पाणी निसटलं, दोघींच्या हातांवरून वाहिलं, आणि मग थांबलं.

"जाड हाय माझं बोट," आशाबाई म्हणाली. "जन्मभर नावं ठेवलीत. आज बसलं बघा कसं बुचासारखं."

"मी कवा नावं ठेवली?"

"मनात ठेवली. मला काय कळत नाय? जावा आता. शेगडीत निखारे झाकून आलेय, पोळी ताटात काढलीय. त्यांच्या नावानं घास टाकून या. आन् सांगा त्यांना, सून बसलीय म्हणावं. जरीचं लुगडं भिजवून."

भागूबाई उठली. गुडघ्यांना मुंग्या आल्या होत्या. जिन्याच्या कठड्याला धरायला तिनं हात पुढं केला, तर बोट पांढरंफटक, सुरकुतलेलं आणि तसंच वाकलेलं होतं. ते सरळ होईना.

वर स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. तिनं निखाऱ्यांवरची राख फुंकली. पोळीचा घास तुपात बुडवून विस्तवावर सोडला. तूप चरचरलं, धूर उठला. "माये, ये," ती म्हणाली. दरवर्षी एवढं म्हणून ती थांबायची, पाणी बघत, धूर बघत, दुपार कलेपर्यंत. वाट बघण्याला घाई नव्हती.

खालून, सगळ्या गर्दीच्या वरून, आशाबाईचा आवाज आला. "वन्संऽऽ! लवकर आटपा, माझ्या बोटाची भाकर झाली हितं!"

भागूबाई दाराशी आली. खाली कुणीतरी आपल्यासाठी बसलंय. ही गोष्ट तिला इतकी नवी होती, की रोजच्या त्या जिन्यावर पहिलं पाऊल कोणतं टाकावं हे तिला क्षणभर आठवेना.